स्वतःचा क्लाउड टाकला, पण फोल्डर उघडायलाच वेळ लागतो? मग सर्व्हरच्या घरात माठ आहे का ते बघा!

बीडमधल्या एखाद्या फोटो स्टुडिओचं उदाहरण घ्या. साखर कारखान्यांचा हंगाम संपतो, ऊसतोडीला गेलेली माणसं मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात आणि लगोलग लग्नसराई सुरू होते. दोन महिन्यांत वर्षभराचं काम उरकायचं असतं. एकेका लग्नाचे तीन-चार हजार फोटो, वर व्हिडिओ. हे सगळं ठेवायचं कुठे?

पूर्वी उत्तर सोपं होतं, गूगल फोटोज. पण 1 जून 2021 पासून तिथली अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि 15 जीबीची मर्यादा आली. 15 जीबी म्हणजे एका लग्नालाही पुरायचे नाहीत. मग दर महिन्याला भाडं भरा, नाहीतर हार्ड डिस्कची थप्पी लावा.

तिसरा पर्यायही आहे. दुकानातल्याच एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा क्लाउड टाकायचा. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे नेक्स्टक्लाउड. फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रामरने 2010 मध्ये ओनक्लाउड सुरू केलं. पुढे तो त्यातून बाहेर पडला आणि 2016 मध्ये त्याच कोडवरून नेक्स्टक्लाउड उभं केलं. 2018 मध्ये जर्मनीच्या केंद्र सरकारच्या आयटी विभागाने सरकारी कचेऱ्यांसाठी तेच निवडलं. म्हणजे हे काही हौशी पोरांचं खेळणं नाही.

पहिले आठ दिवस मजेत जातात. मग स्टुडिओतली तीन माणसं एकाच वेळी काम करायला लागतात. एक जण फोटो चढवतोय, दुसरा अल्बमसाठी निवडतोय, तिसरा नवरदेवाच्या भावाला लिंक पाठवतोय. आणि पान फिरत बसतं. फोल्डर उघडायला दहा सेकंद. मध्येच 'फाईल लॉक आहे' असा निरोप. मालक वैतागून म्हणतो, "यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा होता."

बऱ्याचदा यात कॉम्प्युटरचा दोष नसतो. सॉफ्टवेअर टाकताना एक काम राहून गेलेलं असतं. ते राहिलंय हे नेक्स्टक्लाउड स्वतःच सांगत असतं. ॲडमिनच्या पानावर 'मेमरी कॅश लावलेली नाही' अशी सूचना येते. लोक ती वाचतात आणि सोडून देतात, कारण सगळं 'चालू' तर असतं!

कॅश म्हणजे काय? गल्ल्यातली नव्हे

आपल्याकडे कॅश म्हटलं की आधी रोकड आठवते. इथला शब्द वेगळा आहे. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ लपवणं, दडवून ठेवणं असा. कॉम्प्युटरच्या दुनियेत तो रुळला 1960 च्या दशकाच्या अखेरीस, आयबीएमच्या मोठ्या मशीनसोबत.

बीडकरांना तो समजावून सांगायला कॉम्प्युटरही लागत नाही. शहराचं पाणी येतं माजलगाव धरणातून आणि पालीच्या बिंदुसरा प्रकल्पातून. नळ रोज येत नाही. म्हणून पाणी आलं की घरातली टाकी भरून घ्यायची आणि त्यातलं पिण्यापुरतं स्वयंपाकघरातल्या माठात. तहान लागली की माणूस माठाकडे जातो. माजलगावला कोणी जात नाही.

कॅश न लावलेला सर्व्हर मात्र दर घोटाला माजलगावला जातो.

कुणी पान उघडलं की नेक्स्टक्लाउडला ढीगभर गोष्टी माहीत असाव्या लागतात. हा वापरकर्ता कोण, कोणत्या गटातला, कोणती ॲप्स चालू आहेत, सेटिंग काय आहेत, मराठी भाषांतराची फाईल कुठे आहे. यातलं बहुतेक कालही तेच होतं आणि उद्याही तेच असणार. तरी दर क्लिकला ते डेटाबेसमधून आणि डिस्कवरून नव्याने गोळा केलं जातं. नेक्स्टक्लाउड पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे आणि पीएचपीचा स्वभाव विसराळू. एक विनंती संपली की सगळं विसरून जातं, पुढच्या विनंतीला पाटी कोरी.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघू. रॅममधून माहिती उचलायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवर डोकं योग्य जागी नेऊन वाचायला सुमारे 10 मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं तर डिस्कला जवळपास 28 तास लागतील. एसएसडी बरीच वेगवान असते, तरी रॅमच्या जवळपासही येत नाही.

म्हणून सारखी लागणारी माहिती रॅममध्ये हाताशी ठेवायची. मेमरी कॅशिंग म्हणतात ते एवढंच.

माठ वेगळा, पाणपोई वेगळी

नेक्स्टक्लाउडमध्ये ही सोय तीन जागी लावता येते आणि गोंधळ इथेच होतो.

पहिली जागा 'लोकल' कॅशची, म्हणजे घरातला माठ. तो फक्त त्याच सर्व्हरपुरता असतो. यासाठी एपीसीयू नावाचा पीएचपीचा जोडभाग वापरतात. तो पीएचपीच्याच पोटात राहतो, मध्ये कुणी निरोप्या नसतो, त्यामुळे तो सगळ्यात चपळ.

दुसरी 'डिस्ट्रिब्युटेड', म्हणजे बसस्टँडवरची पाणपोई. तिथून कुणीही पाणी घेतं. सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांना एकच माहिती दिसावी म्हणून ती लागते. इथे रेडिस वापरतात. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने 2009 मध्ये ते लिहिलं. त्याच्याही आधीचं मेमकॅश्ड आहे, ब्रॅड फिट्झपॅट्रिकने 2003 मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी बनवलेलं. तुम्ही दिवसभर चाळता ते फेसबुक याच मेमकॅश्डच्या जोरावर मोठं झालं. 2013 मध्ये फेसबुकच्या इंजिनिअर्सनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार त्यांची ही यंत्रणा सेकंदाला अब्जावधी विनंत्या सांभाळत होती.

तिसरी जागा आहे 'लॉकिंग'ची. लहान ऑफिसला खरा फायदा इथे होतो, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

एक फाईल दोन जणांनी एकाच वेळी बदलली तर ती खराब होऊ शकते. म्हणून नेक्स्टक्लाउड काम चालू असेपर्यंत फाईलवर कुलूप लावतं आणि मग काढतं. काही वेगळं सांगितलं नसेल तर या कुलपांची नोंद डेटाबेसमध्ये होते. चार हजार फोटो चढवायचे म्हणजे हजारो कुलपं लावणं आणि काढणं, आणि प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये लिखापढी. तलाठ्याच्या सज्जात सातबारासाठी रांग लागावी तसं होतं. मध्येच वीज गेली किंवा अपलोड अर्धवट तुटलं तर कुलूप लावलेलंच राहू शकतं. मग पुन्हा तीच फाईल चढवायला गेलं की 423 क्रमांकाची चूक, म्हणजे 'लॉक्ड'. या कुलपाची मुदत ठरावीक असते, सहसा एक तास. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना एक तास म्हणजे फार झाला.

हे काम रेडिसकडे दिलं की कुलपं रॅममध्ये लागतात आणि निघतात, डेटाबेस मोकळा होतो. मेमकॅश्ड इथे चालत नाही. जागा कमी पडली की ते जुन्या नोंदी परस्पर टाकून देतं. कुलपाच्या बाबतीत हे परवडणारं नाही. म्हणूनच लहान सर्व्हरसाठी सरळ जोडी ठरलेली आहे: लोकलला एपीसीयू, बाकी दोन्हींना रेडिस.

प्रत्यक्ष करायचं काय?

इथे नावं देवनागरीत दिली आहेत, सर्व्हरवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करावी लागतात. पद्धत उबंटू किंवा डेबियनवरची आहे, कारण घरगुती सर्व्हर बहुधा यांच्यावरच असतात.

सगळ्यात आधी नेक्स्टक्लाउडच्या 'कॉन्फिग' फोल्डरमधल्या 'कॉन्फिग डॉट पीएचपी' फाईलची एक प्रत काढून ठेवा. पुढचं सगळं याच फाईलमध्ये आहे. एक स्वल्पविराम चुकला तरी अख्खं पान बंद पडतं. प्रत हाताशी असेल तर दोन मिनिटांत मागे जाता येतं.

मग तीन गोष्टी इन्स्टॉल करायच्या: पीएचपीचा एपीसीयू जोडभाग, रेडिस सर्व्हर आणि पीएचपीला रेडिसशी बोलता यावं म्हणून पीएचपीचा रेडिस जोडभाग. तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. रेडिस चालू असतं, पण पीएचपीला त्याची भाषाच येत नसते.

आता कॉन्फिग फाईलमध्ये ओळी वाढवायच्या. 'मेमकॅश डॉट लोकल' समोर एपीसीयूचं नाव, 'मेमकॅश डॉट डिस्ट्रिब्युटेड' आणि 'मेमकॅश डॉट लॉकिंग' या दोन्हींसमोर रेडिसचं. शिवाय रेडिस कुठे सापडेल तो पत्ता. त्याच मशीनवर असेल तर 127.0.0.1 आणि पोर्ट 6379. पोर्टऐवजी युनिक्स सॉकेटचा मार्गही देता येतो. एकाच मशीनवर तो थोडा वेगवानही पडतो आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संबंधच राहत नाही. फक्त वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला रेडिसच्या गटात घालावं लागतं, नाहीतर दार दिसतं पण उघडत नाही.

शेवटी अपाचे किंवा पीएचपी-एफपीएम पुन्हा सुरू करायचं. फाईल सेव्ह करून ब्राउझर रिफ्रेश केला म्हणजे झालं, असं नाही. नवा जोडभाग पीएचपीने उचलायला हवा.

एक छोटी खुंटी इथेच आहे. पीएचपी दोन रूपांत चालतं, ब्राउझरसाठी एक आणि कमांड लाइनसाठी दुसरं. दोघांच्या सेटिंग फाईल वेगळ्या. एपीसीयू कमांड लाइनवर मुळात बंद असतं. नेक्स्टक्लाउडची मागची कामं, म्हणजे कचरापेटी रिकामी करणं, सूचना पाठवणं वगैरे, दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून कमांड लाइनवरच चालतात. काही जुन्या आवृत्त्यांमध्ये यामुळे ती कामं अडून बसायची आणि ब्राउझरमध्ये सगळं छान दिसत असल्याने कुणाच्या लक्षातही यायचं नाही. नव्या आवृत्त्या अशा वेळी कॅशशिवाय काम पुढे ढकलतात. तरीही कमांड लाइनच्या फाईलमध्ये 'एपीसी डॉट एनेबल सीएलआय' समोर 1 लिहून टाका, कटकट मिटते.

झालं का ते कसं कळणार? रेडिसच्या कमांड लाइनवर 'पिंग' लिहा, 'पाँग' असं उत्तर आलं तर रेडिस जिवंत आहे. मग 'मॉनिटर' लिहा आणि दुसऱ्या खिडकीत नेक्स्टक्लाउडचं एखादं फोल्डर उघडा. ओळींचा पाऊस पडला तर दोघांचं बोलणं सुरू आहे. शांतता असेल तर कॉन्फिग फाईल पुन्हा तपासा. ॲडमिन पानावरची ती सूचनाही गेलेली असली पाहिजे.

ज्यांनी नेक्स्टक्लाउडचं 'ऑल इन वन' डॉकर पॅकेज किंवा स्नॅप वापरलंय, त्यांनी यातलं काहीच करू नये. त्यात रेडिस आधीच जोडून येतं.

मग आता सगळं सुसाट पळणार?

नाही. इथे यूट्यूबवरचे व्हिडिओ जरा जास्तच आशा दाखवतात.

मेमरी कॅशमध्ये फोटो ठेवले जात नाहीत. तिथे असतात त्या सेटिंग, नोंदी, कुलपं. लहान ऑफिसला रेडिसला शंभर एमबीच्या आतच रॅम पुरते, यावरूनच अंदाज यावा. तेव्हा 4 जीबीच्या व्हिडिओचं अपलोड यामुळे वेगवान होणार नाही, ते तुमच्या वायफायवर आणि इंटरनेटवर अवलंबून. नव्या फोल्डरमधल्या हजार फोटोंची छोटी चित्रं पहिल्यांदा तयार होताना प्रोसेसरला घाम फुटणारच. ती चित्रं एकदा बनली की डिस्कवर राहतात, त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे.

फरक जाणवतो तो इकडून तिकडे जाताना. फोल्डर उघडणं, शोध, शेअर लिंक बनवणं आणि एकाच वेळी तीन-चार जण काम करत असताना. एकटा माणूस रात्री वापरत असेल तर त्याला कदाचित फारसं काही कळणारही नाही.

ऑपकॅश नावाची आणखी एक गोष्ट आहे. तिच्यात आणि एपीसीयूमध्ये नेहमी गल्लत होते. ऑपकॅश पीएचपीचा प्रोग्रामच भाषांतरित करून रॅममध्ये ठेवतं, तर एपीसीयू त्या प्रोग्रामला लागणारी माहिती ठेवतं. दोन्ही हवीत. ऑपकॅश बहुधा आधीपासून चालू असतं, पण त्याला दिलेली जागा कमी पडली तर नेक्स्टक्लाउड त्याचीही सूचना देतं.

आणि मशीनमध्ये एकूण रॅमच 1 जीबी असेल तर? डेटाबेस, पीएचपी आणि रेडिस एकमेकांच्या ताटातलं ओढू लागतात. रॅम संपली की कॉम्प्युटर डिस्कलाच रॅम समजून वापरतो, म्हणजे माठ भरायला पुन्हा माजलगावच. अशा वेळी आधी रॅम वाढवलेली बरी.

लाइट गेली तर?

बीडमध्ये हा प्रश्न पहिला यायला हवा होता! रॅम विजेवर जगते. वीज गेली की माठ फुटला समजा.

पण माठ फुटल्याने धरण आटत नाही. कॅशमध्ये असतात त्या प्रती, मूळ माहिती डेटाबेसमध्ये आणि डिस्कवर. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पहिली काही पानं हळू उघडतात आणि माठ आपोआप भरतो. रेडिसमधली कुलपं गेली तरी बिघडत नाही. ज्या अपलोडसाठी ती लावली होती ते अपलोडही तुटलेलंच असतं. त्यामुळे बॅकअप घेताना रेडिसची चिंता नको. बॅकअप घ्यायचा तो डेटा फोल्डरचा, डेटाबेसचा आणि त्या कॉन्फिग फाईलचा.

डिस्कचं आणि डेटाबेसचं मात्र तसं नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर तिथे खरी इजा होऊ शकते. इन्व्हर्टरवर चालू-बंद होताना मशीन क्षणभर बंद पडत असेल तर छोटा यूपीएस लावा. कॅशने वेग येतो, सुरक्षितता येत नाही.

दार उघडं ठेवू नका

आता थोडं भीतीचं. रेडिस आणि मेमकॅश्ड ही घराच्या आत वापरायची भांडी आहेत. ओळखपाळख न विचारता पाणी देणारी. ती रस्त्यावर ठेवली की काय होतं ते 28 फेब्रुवारी 2018 ला जगाने पाहिलं. प्रोग्रामरांच्या गिटहब या संकेतस्थळावर सेकंदाला 1.35 टेराबिट इतका लोंढा आदळला. तोपर्यंतच्या अशा सगळ्या हल्ल्यांत तो सर्वांत मोठा होता. हल्लेखोरांनी स्वतःचं काही वापरलंच नव्हतं. इंटरनेटवर उघड्या पडलेल्या लोकांच्या मेमकॅश्ड सर्व्हरांना त्यांनी छोटे निरोप पाठवले आणि त्यांची हजारो पट मोठी उत्तरं गिटहबकडे वळवली. त्या सर्व्हरांच्या मालकांना आपण हल्ल्यात सामील आहोत याचा पत्ताही नव्हता.

उघड्या रेडिसचं दुखणं वेगळं. तिथून घुसून मशीनवर क्रिप्टो खाणकाम करणारे प्रोग्राम बसवले जातात. वीजबिल तुमचं, कमाई त्याची.

डेबियन-उबंटूवर इन्स्टॉल केलेलं रेडिस मुळातच 127.0.0.1 वर, म्हणजे स्वतःच्या मशीनपुरतं ऐकतं. ते तसंच राहू द्या. इंटरनेटवर कुणीतरी 'जोडलं जात नसेल तर पत्ता 0.0.0.0 करा' असा सल्ला देतं, तो मानू नका. डॉकर वापरत असाल तर 6379 पोर्ट बाहेर जाहीर करू नका. डॉकरने उघडलेलं पोर्ट उबंटूच्या साध्या फायरवॉलला वळसा घालून बाहेर पडतं आणि फायरवॉल लावल्याच्या समाधानात माणूस गाफील राहतो.

आणि एक दिवस पान उघडेनाच

कॅश लावली म्हणजे सर्व्हरमध्ये आणखी एक भाग आला, आणि तो कधीतरी बंद पडू शकतो. रेडिस थांबलं तर नेक्स्टक्लाउड हळू होत नाही, सरळ चूक दाखवून बंद होतं. सहसा हे दोन वेळा घडतं.

एक, वीज येऊन मशीन सुरू झालं पण रेडिस आपोआप सुरू झालं नाही. रेडिसची सेवा एकदाच 'एनेबल' करून ठेवली की हा त्रास होत नाही.

दोन, उबंटूचं मोठं अपडेट घेतलं आणि पीएचपीची आवृत्ती बदलली. जुन्या आवृत्तीचे एपीसीयू आणि रेडिस जोडभाग नव्या पीएचपीला चालत नाहीत. त्या आवृत्तीचे नवे टाकावे लागतात. म्हणूनच लग्नसराईच्या ऐन तोंडावर अपडेटचं बटण दाबू नये.

गिऱ्हाईक समोर बसलंय आणि शोधाशोध करायला वेळ नाही, असं झालं तर कॉन्फिग फाईलमधल्या मेमकॅशच्या तिन्ही ओळींच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा द्या. त्या ओळी तात्पुरत्या बाद होतात आणि नेक्स्टक्लाउड पूर्वीसारखं डेटाबेसवर चालू लागतं. हळू चालेल, पण फोटो दिसतील. हे करताना कुणाचं अपलोड चालू नाही ना, तेवढं विचारून घ्या. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर जोडभाग नीट टाकायचे, रेघा काढायच्या आणि पुन्हा एकदा पिंग करून पाँग येतंय का ते बघायचं.